तिसऱ्या माणसाचा ब्रेक

बंद पडलेल्या जुन्या गाडीभोवती चार माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इंजिन चालतंय का?" इंजिनानं आवाज दिला, धूर निघाला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. गाडी जिवंत झाली म्हणतात. ब्रेकचं कुणी विचारत नाही. गाडी चालण्यात मालकाचा फायदा असतो. ती थांबण्यात कुणाचा फायदा, आणि त्याचे पैसे कुणी भरायचे, हे मात्र ठरलेलं नसतं. आमच्या घरचा तीनचाकी टेम्पो विकायची वेळ आली तेव्हा या प्रश्नावरून माझं आणि नानाचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

आज आपण माल वाहणाऱ्या कुठल्याही लहान गाडीला टेम्पो म्हणतो. मुळात ते एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. त्या कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पोनं १९५८ साली 'हॅन्सीट' नावाची तीनचाकी आपल्याकडं बनवायला घेतली. पुढं एक चाक, मागं दोन, आणि लांबोडं नाकाड. गाडीचं नाव लोक विसरले, कंपनीचंच तोंडात बसलं. आमच्या जुन्नर भागात टोमॅटो आणि कांदा वाहायला या गाड्या होत्या. डांबरी रस्ता थोडा, पाणंदच जास्त. दगडगोटे, चिखल, मध्येच ओढ्याचं पाणी. आमची गाडी आण्णांनी आणि चुलत्यांनी मिळून जुनीच घेतली होती. दोघंही गेले आणि ती गोठ्यामागं पत्र्याखाली पंधरा-सोळा पावसाळे उभी राहिली. मालकी माझी आणि चुलतभाऊ नानाची, निम्मी निम्मी.

शेजारच्या गावचा एक शेतकरी गिऱ्हाईक म्हणून आला. त्याला वस्तीवर चारा, खत, पाण्याच्या टाक्या न्यायच्या होत्या. मिस्त्रीनं इंजिन चालू करून दाखवलं, पण गाडी जागची हलेना. मागची दोन्ही चाकं जाम. गिऱ्हाईक म्हणाला, "शू काढून टाका, पायपात बोल्ट मारा. चाक फिरलं म्हंजी झालं. ब्रेकचं माझं मी बघीन. रानातच तर वापरायचीय." चोवीस हजार रोख द्यायला तो तयार होता.

मिस्त्री म्हणाला, "सर, चाक मोकळं करायचं तर अर्धा दिवस. ब्रेक करायचा तर चार दिवस. काय करू सांगा."

चार दिवस कशाला, ते त्यानं ड्रम उतरवल्यावर दिसलं. ॲडजस्टर मागं घेत, कडेनं हातोडीचे हलके ठोके देत त्यानं ड्रम सोडवला. आतली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ छातीत जाते, हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं मला समजावलं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल बारीक नळीतून चाकाकडं जातं. तिथल्या लहान सिलिंडरमधले पिस्टन बाहेर सरकतात, शू ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. पाय काढला की स्प्रिंग शूंना मागं ओढते. या ऑइलचा एक गुण असा की ते हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी वापरात असेल आणि ऑइल बदललं जात असेल तर बिघडत नाही. गाडी उभी राहिली की तेच पाणी सिलिंडरला आतून गंज चढवतं. आमच्या गाडीत शू ड्रमला चिकटले होते आणि पिस्टन सिलिंडरला.

एका चाकाचा सिलिंडर पॉलिश पेपरनं घासून वापरता येण्यासारखा होता. दुसऱ्यात गंजानं खड्डे पाडले होते. त्यात नवा रबरी कप घातला तरी ऑइल झिरपणार. म्हणजे लेथवर तो आतून बोअर करून पितळी स्लीव्ह बसवायची. रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता, पण आतून फुगून त्याचं भोक बारीक झालं होतं. असा पाइप दाबानं ऑइल पुढं जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. ब्रेक लागतो आणि सुटतच नाही. एकच चाक नीट करू का, म्हणून मी विचारलं. मिस्त्रीनं मान हलवली. "एकाच अंगाला ब्रेक लागला तर गाडी तिकडं वढती. पुढं एकच चाक. वळणात दाबला तर कलांडलीच समजा." मजुरीसकट नऊ हजारांचा हिशेब निघाला.

नाना भडकला. "चोवीस हजाराच्या गाडीला नऊ हजार? आरं, घेणाऱ्याला म्हाईत हाय, देणाऱ्याला म्हाईत हाय. लपवाछपवी कुठंय? आपण त्याला फशिवत असतो तर गोष्ट येगळी."

नानाचं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. बैलबाजारातही हीच रीत आहे. बैल मारका असला, त्याला काही खोड असली, तर आधी सांगायची. सांगून विकला तर विकणाऱ्याकडं बोट दाखवता येत नाही. सचोटीची आपली बहुतेक कल्पना दोन माणसांपुरती असते: एक देणारा, एक घेणारा. दोघांत पडदा नसला की व्यवहार स्वच्छ.

पण ब्रेकच्या व्यवहारात तिसरा माणूस असतो, आणि त्याला कुणी बोलावलेलं नसतं. रानात कोण असतं, असं नाना विचारत होता. रान रिकामं कधी असतं? खुरपणाऱ्या बाया ओळीनं बसलेल्या असतात, बांधावर झोळीत पोर असतं, पाणंदीनं शेळ्या घेऊन जाणारा म्हातारा असतो, त्याला एका कानानं कमी ऐकू येतं. गिऱ्हाइकानं "माझं मी बघीन" म्हटलं तेव्हा त्यानं स्वतःचा धोका पत्करला. तो त्याचा हक्क. त्या म्हाताऱ्याचा धोका पत्करायचा हक्क त्याला कुणी दिला? मलाही नाही, नानालाही नाही. जो धोका माझा नाही तो मी माफ करू शकत नाही, जसं दुसऱ्याला येणं असलेलं कर्ज मी सोडू शकत नाही.

जुन्या लोकांना हे कळत होतं. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधायचे. पळायला लागलं की ते पायात येतं आणि जनावराचा वेग तुटतो. लोढणं मालकाच्या सोयीसाठी नव्हतं, दुसऱ्याच्या पिकासाठी होतं. "माझं गुरू ओढाळ आहे, हे मी सगळ्यांना सांगितलंय," एवढ्यावर मालकाची सुटका नव्हती. लोढणं त्यानंच शोधायचं, त्यानंच बांधायचं.

मी हे नानाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तुला पगार हाय. पगारदाराला तत्त्व परवडतं."

हे मात्र लागलं, कारण त्यात तथ्य होतं. त्या महिन्यात त्याच्या मुलीची फी भरायची होती. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागं जातात. त्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, पुष्कळदा मागं लाल दिवाही नसतो. ते ओढणारे काही वाईट लोक नाहीत. खेपेवर पोट असलेल्या माणसाला तिसरा माणूस दिसत नाही, कारण घरची माणसंच डोळ्यांपुढं उभी असतात. अशा माणसाला पुण्यातून येऊन नीती शिकवणं सोपं असतं. पण गरिबीचं हे उत्तर मला अर्धंच पटतं. पाणंदीनं जाणारा शेळीवाला आमच्यापेक्षाही गरीब असतो. आमची अडचण आम्ही त्याच्यावर ढकलली तर गरिबी कमी होत नाही, फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

म्हणून मला मोटार वाहन कायद्यातली एक गोष्ट नेहमी शहाणपणाची वाटत आली आहे. स्वतःच्या गाडीचा विमा काढायचा की नाही, हे कायदा मालकावर सोडतो. त्रयस्थाचा विमा मात्र काढावाच लागतो, त्याशिवाय गाडी सार्वजनिक जागी आणता येत नाही. तुझं तू बघ, पण जो इथं हजर नाही त्याचं मी बघणार, असंच कायदा म्हणतो. त्रयस्थाचा जीव कुणा एकाला तत्त्व परवडण्यावर सोडला तर तो फार दिवस टिकायचा नाही. पण कायद्याची नजर रानापर्यंत पोचत नाही. पाणंदीत गाड्या तपासायला कुणी उभं नसतं. तिथं जे काही करायचं ते गाडी हाती असणाऱ्यानंच करायचं असतं, आणि ज्याला परवडतं त्यानं आधी. नानानं मारलेला टोला मी असा वाचला. तत्त्व परवडत असेल तर ती फुशारकी नव्हे, आपल्यावरची पाळी आहे.

नऊ हजार माझ्या वाट्यातून गेले. नानानं त्याचे बारा हजार पुरे घेतले, आणि त्यानं ते घ्यावेत असंच मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी सिलिंडर, कप, पाइप, लायनर सगळं बसलं. मिस्त्रीनं रबराला डिझेलचा हातसुद्धा लागू दिला नाही, डिझेलनं ते फुगतं म्हणून. आता नळीतली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, आणि निपल आवळेपर्यंत पहिल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत. मी काही म्हणायच्या आत नाना सीटवर जाऊन बसला. "दाब... धर... आता सोड." असं अर्धा तास चाललं. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं. मिस्त्रीनं गोठ्यामागच्या उतारावर गाडी स्वतः तीनदा थांबवून पाहिली आणि मग चावी नानाच्या हातात दिली.

गिऱ्हाइकानं ब्रेक दाबून पाहिला, खूश झाला. म्हणाला, "बरं झालं. आता पोरांना शाळंला सोडाय न्हेली तरी भ्या न्हाई." पोरं तो तशीही बसवणारच होता, हे मला आणि नानाला एकदमच कळलं असावं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं, बोललो नाही. ज्याला आम्ही तिसरा म्हणत होतो तो त्याच्याच घरात होता.

टेम्पो अजून चालतो असं ऐकतो. नऊ हजारांचं काय झालं, ते मला कधी कळणार नाही. ब्रेक लागला नसता तर जे घडलं असतं, ते घडलेलं नसतं, म्हणून त्याची बातमी होत नाही. एखाद्या दिवशी पाणंदीच्या वळणावर कुणी म्हातारा बाजूला झाला असेल, गाडी हातभर अलीकडं थांबली असेल, आणि तो ड्रायव्हरला दोन शिव्या देऊन शेळ्यांमागं गेला असेल. आपण वाचलो हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल. त्याला ते कळायची गरजही नाही.