सातव्या दिवशीचा घाणा

प्रयत्न श्रेष्ठ की ईश्वरावरील भरवसा, हा प्रश्न आम्हां निपाणीकरांस नवा नाही. तंबाखूची लावण, भांगलण, शेंडेखुडणी आमच्या हाती. पाऊस मात्र हाती नाही.

कोकणातील मराठीभाषी यहुदी, बेने इस्रायल, यांनी या प्रश्नाचे उत्तर आचरणातून दिले. ते पूर्वी तेलाचा घाणा चालवीत, पण शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या धर्मग्रंथातील कथेत रानात देव रोज अन्न धाडी. उद्याकरिता साठविलेले नासे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे व सातव्या दिवशीही टिके. तथापि ते वेचण्यास सकाळी उठावेच लागे.

मर्म येथेच आहे. सहा दिवस ज्याने घाणा फिरविलाच नाही, त्याचा शनिवार म्हणजे आळस. सातव्या दिवशीही ज्याचा हात थांबत नाही, त्याने सर्व आपल्याच बळावर चालते असे मानले. गीताही कर्म सोडावयास सांगत नाही, फळाची आसक्ती सोडावयास सांगते.

आम्ही देवळात येतो, घंटा वाजवितो. पण मनात बाजारभावच घोळत असेल, तर आमचा घाणा थांबला कोठे?