पुरानंतरचा निवारा, गोठ्यासह

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचे पाणी प्रयाग चिखलीच्या संगमावर एकत्र येते आणि तिथून पंचगंगा सुरू होते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. हा पूर ओसरतो फार सावकाश. कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंती आधी भिजून फुगतात. पाणी उतरले, ऊन लागले की तडकतात आणि बसतात. शाळेतली, मंगल कार्यालयातली छावणी आवरती घेतली जाते, नेमकी तेव्हाच अनेक कुटुंबांची निवाऱ्याची खरी गरज सुरू होते.

तात्पुरत्या घराचा आराखडा बहुधा माणशी चौरस मीटरवरून मांडला जातो. आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांनुसार माणशी किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा लागते. कोल्हापूरच्या करवीर-शिरोळ तालुक्यांतल्या गावांत हा हिशेब अपुरा पडतो, कारण इथल्या घरात म्हैस धरलेली असते. सकाळ-संध्याकाळ धार काढून दूध डेअरीला घातले की घरात खेळता पैसा येतो. ऊस पाण्याखाली कुजला तरी म्हैस घर चालवू शकते. पाणी दाराशी आले तरी माणसे जनावरांपायी घर सोडत नाहीत. हा हट्ट नव्हे, ती उपजीविकेची राखण आहे. म्हणून खोलीला लागूनच दावण, कोरडी वैरण ठेवायला माळा आणि शेणमूत वाहून जाईल असा उतार हवा. आराखड्यात गोठा नंतर जोडायचा म्हटले, की तो राहूनच जातो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत पत्र्याची शेडे उभी राहिली आणि तात्पुरती म्हणता म्हणता लोकांनी त्यांत वर्षे काढली. उन्हाळ्यात पत्रा किती तापतो, हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. कोल्हापुरात तर एकाच निवाऱ्याला आधी श्रावणाची झड आणि पुढे चैत्राचे ऊन सोसायचे असते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत, मुरुमाचे उंच जोते आणि चुलीपुरती पुढे काढलेली पडवी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. बांबू जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांतच मिळतो. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर वास्तुविशारद शिगेरु बान यांनी कागदी नळ्यांची घरे उभारली, त्यांच्या पायाला वाळू भरलेले बिअरचे क्रेट वापरले. हाताशी असलेल्या वस्तूतून नेटके घर उभे राहते, हे तिथे दिसले.

जागेचा प्रश्न याहून अवघड. चिखलीच्या ग्रामस्थांना सोनतळीला उंचावर भूखंड मिळाले, तरी जुने गाव नांदतेच आहे, कारण शेत तिथे आहे. शेतापासून लांबचा निवारा कितीही पक्का असला, तरी वैरणीच्या भाऱ्यापायी माणूस पडक्या घराकडेच परततो. प्रत्येक पूरबाधित गावासाठी शेताच्या आवाक्यातला माळ किंवा गायरान पावसाळ्याआधी ठरवून तिथे पाणी, वीज, संडास आणि जोती तयार ठेवावीत. वरचे सांगाडे मग गरजेनुसार चढवता-उतरवता येतात.