बर्फातील छायाचित्र आणि सत्य

पोलंडमध्ये तात्रा पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या झाकोपाने गावी हिवाळ्यात विवाह होतात, तेव्हा चर्चबाहेर बर्फ पसरलेला असतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करडे गृहीत धरतो. त्यामुळे शुभ्र बर्फ आणि वधूचा शुभ्र झगा मळकट उमटतात. जाणता छायाचित्रकार १ ते २ स्टॉप अधिक प्रकाश देतो. ही फसवणूक म्हणावी काय? नाही, तो यंत्राची चूक सुधारून डोळ्यांना दिसलेले सत्यच राखतो. मात्र थंडीने काकडणाऱ्या वधूला पुनःपुन्हा हसावयास लावले, तर बर्फ शुभ्र दिसूनही चित्र असत्य ठरते. विवाहसंस्कार वधूवर परस्परांना देतात; छायाचित्रकार केवळ साक्षीदार. साक्षीदाराने आनंद टिपावा, तो मागून घेऊ नये.