घर माझे, पण गल्ली कोणाची?



एक माणूस कष्टाच्या पैशाने घर विकत घेतो. त्याचा संसार अजून तेथे आलेलाही नाही, तोच ते घर पेटवून देण्याचा प्रयत्न होतो. त्याचा अपराध कोणता? त्याच्या कातडीचा रंग!

हा प्रसंग आपल्या एखाद्या खेड्यातला नव्हे. तो अमेरिकेतील शिकागो शहराला लागून असलेल्या ओक पार्क या सुखवस्तू उपनगरातला, १९५० सालचा आहे. तो माणूस म्हणजे पर्सी ज्युलियन. गुलामाचा नातू, पण थोर रसायनशास्त्रज्ञ. काचबिंदूवरचे औषध १९३५ साली त्यांनी प्रयोगशाळेत तयार केले. त्यांच्या औषधाने कोणाचेही डोळे वाचोत, पण शेजारी म्हणून ते नकोत! जून १९५१ मध्ये मुले घरात असताना त्यांच्या घरावर डायनामाइट फेकण्यात आले. तरीही ते कुटुंब तेथून हलले नाही आणि काही गोरे शेजारी त्यांच्या बाजूने उभे राहिले.

पुढे ११ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेत घर विकताना व भाड्याने देताना वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. मे महिन्यात ओक पार्कच्या नगरमंडळानेही स्वतःचा तसा कायदा केला. अशा कायद्यांवर त्या देशात गावोगाव वाद झाले. विरोधकांचे म्हणणे तीन प्रकारचे होते. ते आपण नीट पारखून घेऊ.

पहिले म्हणणे : घर माझे आहे, ते कोणाला द्यायचे ते मी ठरवीन. हे ऐकायला रास्त वाटते. पण घराची मालकी म्हणजे चार भिंतींची मालकी. सबंध गल्लीची मालकी कोणी कोणाला दिली? एका मालकाचा नकार ही त्याची आवड म्हणता येईल. पण साऱ्या गल्लीने नकार दिला की त्याचे गावकूस होते. गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे तुम्हांआम्हांला कोणी शिकवायला नको.

दुसरे म्हणणे : बहुमत घ्या. कॅलिफोर्नियात १९६४ साली तसे घेतले. सुमारे ६५ टक्के मतदारांनी समान घरहक्काच्या कायद्याविरुद्ध कौल दिला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कौल घटनाबाह्य ठरवला. माणसाची माणुसकी ही मतमोजणीची बाब नव्हे.

तिसरे म्हणणे : कायद्याने मने बदलत नाहीत. खरे आहे. पण मने बदलेपर्यंत माणसाने उघड्यावर राहायचे काय? कायदा दार उघडतो. आत आलेल्या माणसाला शेजारी म्हणणे हे मात्र शीलाचे काम आहे. ओक पार्कच्या लोकांनी हे ओळखले. शेजारच्या ऑस्टिन भागात दलाल भीती पसरवून गोऱ्यांना घरे विकायला लावत होते. तसे आपल्याकडे होऊ नये, गोरे व काळे एकाच इमारतीत राहावेत, म्हणून १९७२ पासून त्यांनी एक केंद्र चालवले. मैत्री अशी रोज, हाताने करावी लागते.

बाबासाहेब अमेरिकेत शिकून आले आणि १९१७ साली बडोद्यात नोकरीला गेले. राहायला जागा नाही म्हणून एका पारशी वसतिगृहात राहिले. तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या विद्वान माणसाने दिवस बागेत काढला आणि रात्रीची गाडी धरली. आज अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तीत राहण्यास मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून नकाराने कपडे बदलले आहेत. मालक आधी आडनाव विचारतो, मग खाणे विचारतो, आणि शेवटी म्हणतो, “खोली कालच गेली.”

परंतु बंधूंनो, आता प्रश्न आपल्याला आहे. तुमच्यापैकी कित्येकांचे आज स्वतःचे घर आहे, भाड्याने द्यायला एखादी खोलीही आहे. उद्या एखादे मातंग कुटुंब, एखादा मुसलमान विद्यार्थी किंवा एखादी एकटी विधवा भगिनी तुमच्या दारात येऊन जागा मागेल. तेव्हा तुम्हीही आडनाव विचाराल काय? “आमची हरकत नाही हो, पण शेजारी काय म्हणतील?” असे म्हणाल काय? हेच वाक्य ओक पार्कचा घरमालक बोलत होता. हेच वाक्य आपल्या वडिलांनी ऐकले आहे.

भिंतीवर तथागतांची तसबीर लावणे सोपे आहे. पण धम्म तुमच्या घरात आला की नाही, हे भिंतीवरून ओळखता येत नाही. ते दारावरून ओळखावे. भाडे परवडते काय, घर नीट ठेवाल काय, एवढेच विचारा आणि किल्ली हातात द्या.

जयभीम!