इथे कापा

सकाळी संगणक सुरू केला, तर पडद्यावर एक लहानशी चौकट होती. रात्री कधीतरी कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, कोलमडला होता. त्याचा अहवाल पाठवू का, एवढंच ती विचारत होती. मी पाठवण्याआधी तो उघडून वाचला.

लिनक्सचा कर्नल अडखळला की मागे एक टिपण ठेवतो. त्याला ‘ऊप्स’ म्हणतात. ठेच लागल्यावर तोंडून निघावा, तसा शब्द. टिपणाच्या माथ्यावर बरेचदा एक तुटक रेघ असते आणि रेघेच्या मध्ये दोन शब्द, ‘कट हिअर’. इथे कापा, आणि कुणाला तरी दाखवा.

२००७ च्या सुमारास आर्यन व्हॅन डी व्हेन या प्रोग्रामरने असे ऊप्स जगभरातून आपोआप गोळा करायला सुरुवात केली. गोळा करणं त्यातल्या त्यात सोपं. जुळवणं अवघड. एकाच चुकीची दोन टिपणं शेजारी ठेवली, तर ती एकसारखी दिसत नाहीत. वेळ वेगळी, मेमरीतले पत्ते वेगळे, त्या क्षणी चालू असलेलं काम वेगळं. जुळवताना हे सगळं बाजूला ठेवतात. उरते ती वाट. कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली, त्याने पुढे कोणाला, आणि पाय कुठे घसरला. वाट तीच असेल, तर हजार टिपणांचं दुखणं एकच.

या वाटेतल्या काही ओळींपुढे प्रश्नचिन्ह असतं. ते कर्नलनेच घातलेलं. इथून आपण खरंच गेलो, की हा जुना ठसा राहून गेलाय, याची त्याला खात्री नसते. कोसळतानाही तो ठाऊक असलेलं आणि नुसतं वाटलेलं वेगळं ठेवतो. या प्रश्नचिन्हांपाशी मी बराच वेळ थांबलो. आपल्या पडझडीची हकिकत मी कधी इतकी नीट सांगितली आहे, आठवेना.

विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टकडेही असे अहवाल येतात. पहिल्या दहा वर्षांत ते अब्जावधी झाले. २००२ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलं होतं, की शंभरातला एक दोष निम्म्या बिघाडांच्या मुळाशी असतो. म्हणजे पडणारे पुष्कळ, खड्डे थोडे.

पण एखादा अहवाल कशाशीच जुळत नाही. कदाचित मेमरीतला एखादाच बिट उलटलेला असेल. कदाचित ती वाट चालणारा तो पहिलाच असेल. त्याच्यासाठी नवा कप्पा उघडतात आणि त्यावर आकडा पडतो, १.

मी ‘पाठवा’ दाबलं.