शेजारची खुर्ची

चित्रपट चांगला की वाईट, हा प्रश्न आपण आपल्या मुलांच्या संदर्भात वारंवार विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु चित्रपट ज्या जागी पाहिला जातो त्या जागेविषयीही काही नैतिक प्रश्न असू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तीतले एखादे लहानसे चित्रपटगृह डबघाईस येते, एके दिवशी त्याच्या दाराला कुलूप लागते आणि पाहता पाहता तेथे दुकानांची इमारत उभी राहते. आपण क्षणभर हळहळतो आणि पुढे चालू लागतो. धंदा होता, चालला नाही, बंद पडला; त्यात आपले काय गेले? हे ‘आपले काय गेले’ जरा तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

रायगड जिल्ह्यातील म्हसळा हे तालुक्याचे लहानसे गाव. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होता. हिंदू आणि मुसलमान येथे पिढ्यानपिढ्या एकाच बाजारपेठेत वावरत आले आहेत. येथील अनेक घरांची चूल मात्र बाहेरच्या कमाईवर पेटत आली. आधी मुंबईच्या, पुढे आखाती देशांतल्या. मुंबईत उमेदीची वर्षे घालवून परतलेल्या कोकणी माणसाशी गिरणगावाचा विषय काढावा, म्हणजे भोंगा, खानावळ आणि गणपतीचा मंडप यांच्या जोडीने लालबाग-परळच्या ‘भारतमाता’ चित्रपटगृहाचे नाव हटकून निघते. गिरणीच्या जमिनीवर, कामगारांच्या चाळींच्या शेजारी उभे असलेले हे एकपडदा चित्रपटगृह मराठी चित्रपटाचे हक्काचे घर म्हणून ओळखले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी थंडावली आणि वस्तीचा चेहरा पालटला. पुढे जागेच्या वादामुळे या चित्रपटगृहावरही गदा येण्याची वेळ आली, तेव्हा ते टिकावे म्हणून मराठी कलावंत आणि सामान्य प्रेक्षक बोलू लागले. कापड विणणारे हात गेले, तरी त्या हातांनी टाळ्या वाजवलेली जागा राहावी, असे लोकांना का वाटले असेल?

वस्तीतल्या लहान चित्रपटगृहांविषयी प्रेक्षक जे बोलतात ते आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. त्या बोलण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणतो, “पंखे कुरकुरतात, खुर्चीत ढेकूण असतात, आवाज फाटका येतो, त्या पैशांत घरी बसून बरे.” दुसरा म्हणतो, “तिकीट परवडायचे. पाळी संपली की चालत जायचो. दारावरचा माणूस ओळखीचा होता. आईला घेऊन जायला तेवढी एकच जागा होती.” पहिले मत ग्राहकाचे आहे, दुसरे शेजाऱ्याचे. ग्राहक विचारतो, मोजलेल्या पैशांच्या बदल्यात मला काय मिळाले? शेजारी विचारतो, या जागेने आम्हा सर्वांना काय दिले? बहुधा ही दोन्ही मते एकाच माणसाची असतात. तो कोणत्या दिवशी बोलतो यावर सारे अवलंबून असते.

येथे ग्राहकाला गप्प करून शेजाऱ्याला डोक्यावर घेण्याचा मोह होतो. जुन्या गोष्टींविषयी लिहिणाऱ्यांना तो नेहमीच होतो. परंतु तो प्रामाणिकपणा नव्हे. जेथे स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृह नव्हते, जेथे अंधारात एकटी बसलेली मुलगी निर्धास्त राहू शकत नव्हती, त्या जागेला ‘सर्वांची’ म्हणताना आपली जीभ थोडी अडखळली पाहिजे. निष्काळजीपणाची किंमत याहूनही भयंकर असू शकते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात आग लागली आणि एकोणसाठ माणसे प्राणास मुकली. वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडण्याची वाट अडवली होती. ज्या जागेवर प्रेम आहे तिचे दोष झाकणे हे प्रेमाचे लक्षण नाही. ग्राहकाची तक्रार ही म्हणूनच शेजारधर्माच्या विरुद्ध नाही. कित्येकदा तीच त्याची पहिली पायरी असते.

प्रश्न ग्राहक बोलतो हा नाही. शेजारी मुका झाला आहे, हा आहे. आणि शेजाऱ्याच्या बाजूने जे सांगायचे ते केवळ आठवणींच्या बळावर सांगता येणार नाही. त्यासाठी करमणूक म्हणजे काय, येथपासून आरंभ केला पाहिजे.

करमणूक ही चैन आहे, असे आपल्यातील कष्टाळू माणसांना मनातून वाटत असते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांचे मत निराळे होते. शरीराला जशी झोप, तशी मनाला खेळ-विनोदाची विश्रांती लागते, असे ते मानतात आणि त्यासाठी एक जुनी कथा देतात. संत योहान शिष्यांसोबत विरंगुळ्यात रमलेले पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा योहानांनी त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, आणि असे सतत करत राहशील काय, असे विचारले. तसे केल्यास धनुष्य मोडेल, हे त्याचे उत्तर. माणसाचे मनही सदैव ताणलेले राहिले तर मोडते. ही विश्रांती जर गरज असेल, तर ती कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो. महाराष्ट्रात २००१ पासून बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक करात सवलत देण्यात आली आणि शहरांत देखणे पडदे वाढले. परंतु तालुक्याच्या गावातील कुटुंबाला तिकिटाच्या दरात एसटीचे भाडे आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी मिळवावी लागते. जवळचे, स्वस्त आणि जेमतेम चित्रपटगृह बंद पडते तेव्हा पैसेवाल्याचा रस्ता बदलतो. गरिबाचा रस्ताच संपतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेलाही तिच्या उशाशी चित्रपट दिसतो. ही समता चित्रपटगृहाने कधी दिली होती काय? आक्षेप खरा आहे. २०२० च्या मार्चमध्ये देशभरचे पडदे काळे झाले तेव्हा घराघरांतील लहान पडद्यांनीच माणसांना धीर दिला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्या लहान पडद्यापुढे एक गोष्ट नसते, ती म्हणजे शेजारची खुर्ची.

त्या खुर्चीवर कोण बसेल हे आपण ठरवत नाही, हेच तिचे मोल. आपले घर, आपली जात, आपला समाज, आपले धर्मग्रामदेखील आपल्याला आपल्यासारख्या माणसांत ठेवते. मोबाईल तर त्याही पुढे जातो; आपल्याला जे आवडले त्याच्यासारखेच तो पुन्हा पुन्हा पुढे करतो. चित्रपटगृहातील शेजारी मात्र अनोळखी असतो. आपण हसलो आणि तो हसला नाही, तर आपले हसणे आपल्यालाच क्षणभर परके वाटते. पडद्यावर एखाद्याच्या गरिबीची टिंगल चालली असताना मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला, तर तो हुंदका कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक शिकवतो. तिकिटांच्या दराने पुढच्या रांगा आणि बाल्कनी वेगळ्या केल्या होत्या, हे खरे. तरी छप्पर एक होते आणि दुःख एकाच वेळी सर्वांच्या डोळ्यांपुढे येत होते.

आपल्या चित्रपटाचा जन्मही अशाच एका गर्दीत झाला. गिरगावातील एका तात्पुरत्या चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे श्रीकृष्ण आणि श्रीराम उभे राहिले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. त्यातूनच ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. ख्रिस्ताची कथा पाहणाऱ्या त्या माणसाला दारात कोणी धर्म विचारला नव्हता. तिकीट हाच परवाना होता. सार्वजनिक जागेचे हे औदार्य आहे. ती आपल्याला एकमत व्हायला सांगत नाही, केवळ शेजारी बसायला सांगते. म्हसळ्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावांना, आणि आपल्या सर्वांनाच, असे शेजारी बसणे पूर्वीपेक्षा आज अधिक हवे आहे.

ख्रिस्तसभेने चित्रपटाचा विचार बहुतांशी आशयाच्या अंगाने केला. तरीही १९३६ च्या ‘विजिलांती कुरा’ या परिपत्रकात पोप अकरावे पायस यांनी जागेकडेही लक्ष वेधले होते: अंधाऱ्या दालनात, मन सैल सोडून बसलेल्या माणसावर चित्रपटाचा ठसा खोल उमटतो. त्यांनी हे सावधगिरीसाठी सांगितले. परंतु सैल सोडलेल्या मनावर वाईटाचा ठसा उमटतो, तसाच चांगल्याचाही उमटतो. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने ते दाखवून दिले.

मग आपले कर्तव्य काय? गैरसोयीचे, घाणेरडे चित्रपटगृह केवळ जुने आहे म्हणून पोसावे, असे आम्ही म्हणणार नाही. मालकाचा निष्काळजीपणा आपल्या हळव्या आठवणींनी झाकायचा नसतो. परंतु दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली अशी, की तक्रार करणाऱ्याने तक्रार करून पुन्हा तेथे जावे. निघून जाणाऱ्याच्या तक्रारीने जागा सुधारत नाही. येत राहणाऱ्याच्या तक्रारीने सुधारू शकते. दुसरी अशी, की जेथे चित्रपटगृह उरले नाही तेथे एकत्र पाहण्याची रीत तरी राखावी. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ मंडळींनी लोकांकडून वर्गणी गोळा करून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट पुरा केला आणि तो गावोगाव लोकांपुढे नेला. शाळेचा वर्ग, धर्मग्रामाचे सभागृह, देवळापुढचा मंडप, एक पांढरी चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर, एवढ्यावर महिन्यातून एक संध्याकाळ सहज उभी राहते. मात्र तिचे दार सर्वांना उघडे असावे. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांसाठी भरवलेला खेळ ही मोठ्या पडद्यावरची बैठकीची खोलीच होय.

एखाद्या जागेविषयी मत देणे सोपे असते. पंखा कुरकुरतो, हे मत आहे आणि ते खरेही आहे. परंतु पंखा कुरकुरतो असे म्हणणाऱ्याने, त्या पंख्याखाली आपल्या शेजारी कोण बसले होते आणि आता तो माणूस कोठे बसत असेल, हेही स्वतःला विचारावे. त्याचे उत्तर ठाऊक नसेल, तर चित्रपटगृहाबरोबर आपले काय गेले ते आपल्याला कळले.