नाव भाड्याने द्यावे काय?

औषधाच्या दुकानात भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असते. पण ज्याचे ते, तो गृहस्थ कित्येकदा तेथे नसतो. त्याने आपले नाव महिन्याच्या भाड्याने दिलेले असते. "यात कोणाचे काय बिघडले?" असे तो विचारतो.

आम्हांस हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमान्वये डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे असते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ३६ व्या कलमान्वये नोंदवहीतून नाव काढता येते. मात्र त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून नव्हे. ही रीत न्यायाचीच होय.

खेड्यातून आलेल्या मातेस बाटलीवरील अक्षरे वाचता येत नाहीत. लेकरास एक चमचा द्यावा की अर्धा, हे दुकानदार सांगेल तेच ती खरे मानते. भिंतीवरील नाव हे तिला दिलेले वचन आहे. घर भाड्याने देता येते, बैल देता येतो. वचन ज्याचे त्यानेच पाळावयाचे असते. अपाय झाला नाही, तर ते केवळ सुदैव. तेणेकरून दोष पुसला जात नाही.

म्हणून वाचकहो, औषध घेताना "फार्मासिस्ट कोठे आहेत?" असे नम्रपणे विचारीत जा, आणि हे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींस सांगा की, नाव मागावयास कोणी आल्यास त्यास रिकाम्या हाताने परत पाठवावे.